मंगल अजून आत आहे

सोमवार, १४ जुलै. सोसायटी ऑफिस, सूस, पुणे. हजर: मी (इस्टेट मॅनेजर), सिक्युरिटी सुपरवायझर रफिकभाई आणि बी विंगमध्ये चार घरी स्वयंपाक करणारी मंगल.

मंगल बसली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझं थोबाड त्या मशीनीतनं काढा."

मशीन म्हणजे गेटवरचं चेहरा ओळखणारं यंत्र. कामवाल्या, ड्रायव्हर, माळी सगळ्यांनी त्यापुढे उभं राहायचं. चेहरा जुळला की फाटक उघडतं आणि सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये वेळेची नोंद होते.

"का गं, उशिराची नोंद पडली का?"

"न्हाई. काल नवऱ्याचा फोन आला, नव्या नंबरावरनं. म्हनला, सात चाळीसला शिरलीस, बी विंगला. लई मोठ्या घरात कामं करतीस."

मारहाणीमुळे तिनं दोन वर्षांपूर्वी घर सोडलं होतं, एवढं मला माहीत होतं. पण मिनिटासकट वेळ त्याला कशी कळली? मी त्याचं नाव विचारलं आणि अ‍ॅपमध्ये टाकलं. फोटो आला. ड्रायव्हर, सी विंग. गेल्या आठवड्यात मीच अप्रूव्ह केलेला. नावापुढे हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे माणूस आत्ता आवारात आहे.

रफिकभाई उठले आणि दाराला कडी घातली.

गेट पास काढता यावा म्हणून त्याच्या मालकांनी त्याला घरचा माणूस म्हणून लॉगिन दिलं होतं. लॉगिन असलं की सगळ्या कामवाल्यांची यादी दिसते: फोटो, घरं, येण्याजाण्याच्या वेळा. रहिवाशांना बाई शोधायला सोपं जावं म्हणून ही सोय. मी मंगलच्या नावावर बोट ठेवलं. खाली आधारची कॉपी. तीही उघडली. नांदे गावातल्या तिच्या खोलीचा पूर्ण पत्ता.

"ह्यो पत्ता तुमीच मागितला," मंगल म्हणाली. आवाज चढवला नाही.

खरं होतं. तिनं आधी सासरच्या पत्त्याचं कार्ड आणलं होतं. मी तिला दोनदा परत पाठवलं. सध्याचाच पत्ता हवा, ही अट माझ्या चेकलिस्टमधली.

"चौकीत जाऊ. मी येते बरोबर."

"चौकी मागनं. पोर खोलीवर एकली हाय."

मी सेक्रेटरींना फोन लावला.

"रेकॉर्ड डिलीट करू नका हं," ते म्हणाले. "उद्या चोरी झाली तर?"

"सर, तिचा नवरा आत आहे. तिला शोधतोय."

"मग तिला मेन गेटनं सोडू नका."

पाण्याच्या टँकरच्या गेटला मशीन नाही. रफिकभाईंनी मोटरसायकल तिथं आणली. मी विचारलं, "पोरीला घेऊन कुठं जाशील?" हातात सवयीनं पेन होतं. तिनं पेनाकडे पाहिलं.

"ते न्हाई लिवायचं."

मी पेन ठेवलं. तरी तिनं सांगितलं नाही.

नवऱ्याचं लॉगिन मी लगेच बंद केलं नाही. केलं असतं तर त्याला संशय आला असता. अ‍ॅपच्या लेखी मंगल बी विंगमध्येच होती, त्यामुळे तो साडेसहापर्यंत मेन गेटवर थांबला. मी कॅमेऱ्यावर त्याला बघत बसले. दर पाच मिनिटांनी तो फोन काढून पाही.

रफिकभाई परत आले. "पोचल्या दोघी," एवढंच म्हणाले. मी पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा प्रवेश बंद झाला, रहिवाशांना दिसणारी आधार कार्डंही झाकली. पण त्याआधी त्यानं तो पत्ता पाहिला होता का? कळायला मार्ग नाही. कोण कधी आलं ते अ‍ॅप लिहून ठेवतं, कोणी काय पाहिलं ते ठेवत नाही. कागद मागण्याआधी तो कोणाकोणाला उघडता येईल हे विचारावं. मी विचारलं नव्हतं.

शिल्लक काम एक: मंगलची माहिती पुसणे. कंपनीला चार मेल केले. उत्तर तेच. आत असलेल्या व्यक्तीची नोंद पुसता येत नाही. तिनं आधी मशीनपुढे चेहरा दाखवून बाहेर पडावं.