जयरामच्या बांधावरची बोरं

"साहेब, ही काटेरी झाडं तोडतो अन् सफरचंद लावतो," जयराम कुऱ्हाड खांद्यावर टाकत म्हणाला. नरसीच्या रस्त्यावर एका रोपवाल्यानं त्याला सफरचंदाची कलमं दाखवली होती.

मी तेव्हा हिंगोलीकडे कृषी सहायक होतो. फळबाग लागवड माझ्याकडे.

"सफरचंदाला हाडं गोठवणारी थंडी लागते. इथं कशी जगणार?"

"मंग काय लावू? दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जावं लागतं. लेकरांची शाळा बुडून राहिली."

तांड्यालगतच्या त्याच्या मुरमाड रानात पाणी नव्हतं, तरी बांधावर गावरान बोरी माजल्या होत्या. म्हटलं, याच ठेवू. उन्हाळ्यात बुंध्यापर्यंत छाटायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडी नव्या फुटव्यावर डोळा भरायचा. म्हणजे चांगल्या जातीचा अंकुर सालीसकट काढून गावरान फांदीच्या सालीत बसवायचा. मुळं जुनी, फळ नवं.

ऑफिसात साहेब भडकले. "टार्गेट मोसंबीचं आहे!"

"सर, मोसंबीला पाणी लागतं. ते प्लॅनमध्ये आहे, विहिरीत नाही."

"करा. फसलं तर मेमो तुम्हाला."

तेव्हा सगळीकडे उमरान जातीच्या बोराचा बोलबाला. फळ मोठं, पण उशिरा येतं. मी कडाका ही जात निवडली. ती आधी येते, आणि संक्रांतीला सुगडात बोर लागतंच.

डोळे फुटले आणि शेळ्या तुटून पडल्या. जयरामच्या बायकोनं, सोनाबाईनं मलाच फैलावर घेतलं. "शेळ्या खाऊन राहिल्या, तुमी काय बघून राहिले?" मी छाटलेल्या काटेरी फांद्याच बुंध्यांभोवती रचायला लावल्या. शेळ्या लांबूनच बघत राहिल्या.

पहिल्या वर्षी मूठभर बोरं आली. दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर मुकादम ऊसतोडीचा ट्रक घेऊन आला, तेव्हा झाडं कोवळ्या बोरांनी लगडली होती.

"यंदा आमी येत न्हाई," सोनाबाईनं त्याला सांगितलं. मी मनातल्या मनात हिशेब मांडू लागलो. बोरांनी दगा दिला, तर हे घर वर्षभर खाणार काय?

भोगीच्या दिवशी हिंगोलीच्या बाजारात बैलगाडीभर बोरं दुपारच्या आत संपली. बायका एकमेकींना ढकलत होत्या आणि सोनाबाई तराजू उंचावून ओरडत होती, "लाईनीनं या वं बायांनो!" मी शेजारी छाती फुगवून उभा होतो. कशाला लपवू? लेकरं त्या वर्षी शाळेतच राहिली, आणि पुढेही.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी बोराचं टार्गेट जाहीर केलं, तेही काळ्या पाणथळ जमिनींसकट सगळ्यांसाठी. रानात काय तगतं ते आधी बघावं, एवढंच यातून शिकायचं होतं. साहेब नवं टार्गेट शिकले.