मामंजींचा बिनगव्हाचा पाव

घरातले किस्से कुणी जमवायला बसत नाही. कपाटावरच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. एक पिशवी काढायला जावं तर अंगावर दहा पडतात. आमच्याकडे चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "त्या पावाचं सांगा की." मग मला सांगावं लागतं. खरं म्हणजे मला आवडतं सांगायला, उगीच खोटं कशाला बोलू?

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन तंजावूरला आले ती राजवाड्यामागच्या गल्लीत. तिथं पाच-सात घरं अजून घरात मराठी बोलतात, आणि तीही अशी की मिरजेत ती माझ्या पणजीबरोबर गेली. सासऱ्यांना मामंजी, सासूला आत्याबाई. नव्वदनंतरची ती वर्षं. गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडी बूथ झाला होता आणि दुकानात कॉर्नफ्लेक्सचे खोके दिसायला लागले होते.

मामंजी शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. गल्लीत मोडी वाचणारे ते एकटेच उरले होते. लोक आजोबा-पणजोबांचे कागद घेऊन यायचे आणि मामंजी ते तमिळमध्ये सांगायचे. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, कागद नाकाला टेकला तरी अक्षर दिसेना. लोक तरी यायचे, कागद मांडीवर ठेवून बसायचे, कापी, म्हणजे कॉफी, पिऊन परत जायचे. ते बघून मला रडू यायचं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, शुगर खाली आणा, त्याशिवाय मी ऑपरेशनला हात लावणार नाही. शुगरचे डॉक्टर म्हणाले, भात बंद, चपाती खा. तंजावुरात भात बंद! आठवडाभर चपाती खाल्ली तर मामंजींच्या अंगावर गांधी उठल्या आणि पोट नगाऱ्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, गहूही बंद. नाचणीनं शुगर चढली, म्हणून नाचणीही बंद.

मामंजी शांतपणे म्हणाले, "काय खाऊं नये तें कळलें. काय खावें तें सांगा."

डॉक्टरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "पावासारखं काहीतरी बघा. पण पाव नको."

* * *

माझी नणंद वत्सला अमेरिकेत. तिच्या ऑफिसात एका बाईला गहू चालत नव्हता, तिच्याकडून कृती घेऊन वत्सलानं निळ्या आंतरदेशीय पत्रासारख्या पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून पाठवली. बदामाचं पीठ, चार अंडी आणि सिलियम हस्क.

बदाम आमच्या घरी आजाऱ्याला भिजवून देतात, त्याचं पीठ कोण करणार? मी म्हटलं, नारळाचं दूध काढल्यावर उरतो तो चोथा वाळवू आणि त्यात भाजलेले दाणे कुटून घालू. अंड्याचं नाव काढल्यावर आत्याबाई देवघरात जाऊन बसल्या, त्यामुळे अंड्याच्या जागी आंबट दही आणि सोडा. राहिलं ते सिलियम हस्क. किराणावाल्याला विचारलं, बेकरीत विचारलं, कुणाला पत्ता नाही. शेवटी मेडिकल स्टोअरवाल्यानं एक जाडजूड पुस्तक उघडून बघितलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, अहो, हा तर इसबगोल!

"किती देऊ?"

"अर्धा किलो."

त्यानं चष्मा काढला आणि घरात माणसं किती म्हणून विचारलं. चार म्हटल्यावर इसबगोल बांधून दिला. वर जलसंजीवनीची दोन पाकिटं आपल्या मनानं पिशवीत टाकली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. शेजारच्या राधाक्का ओव्याचं पाणी घेऊन आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "एकदम चौघांसही कसें ग जाहलें?"

* * *

आमच्याकडे तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. लग्नात आलेला, तेव्हापासून त्यात लोकरीचे गुंडे ठेवलेले. ते काढले, पुसला, पाव आत ठेवला. पंधरा मिनिटांत करंट गेला. तास झाला तरी येईना. आला तो असा आला की सगळे दिवे पांढरेफटक झाले आणि ओव्हनमधून धूर निघाला.

पाव बाहेर काढला. वरून काळा, बाजूनं करडा, आणि उंची? माझ्या चपलेएवढी. सुरी चालेना. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नारळ फोडायचा कोयता आणला. मी म्हटलं, खबरदार.

मामंजींना काही नीट दिसत नव्हतं. त्यांनी हातात घेऊन अंदाज घेतला, आणि कितपत भाजलाय ते बघायला टेबलावर दोनदा आपटला. टक टक.

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "कोण आलें बघा ग, दार उघडा."

* * *

त्यानंतर ओव्हनचा नाद सोडला. इडलीच्या पात्रात डबा ठेवून पाव वाफवायचा, गार झाला की कापून तव्यावर शेकायचा. हे जमलं. तुकडे धड पडायला लागले. म्हटलं, आता जेवणात वाढू.

पण आमच्या घरी रोजचा रिवाज आहे. स्वयंपाक झाला की पहिला घास गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला, तो कावळ्यानं खाल्ला की मग घरच्यांची पानं. भात असला की कावळे वाट बघत बसलेले असतात. आत्याबाईंनी त्या दिवशी पावाचा तुकडा ठेवला. एक कावळा आला. तुकड्याभोवती फिरला, चोच मारली, मान झटकली आणि उडून गेला. दुसरा आला, त्यानं लांबूनच बघितलं. दीड वाजला. हे ऑफिसातून जेवायला आलेले, सारखं घड्याळ बघत होते. आत्याबाई जागच्या हलेनात.

आता मी पडले मिरजेची. आमच्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात. तिथं दहाव्याला सगळे काय करतात? मोठ्यानं कबूल करतात, की बाबा, तुझी इच्छा पुरी करू. माझे हात कधी जोडले गेले मलाच कळलं नाही. मी म्हणून गेले, "मामंजींचे डोळे आम्ही करू, काही काळजी करू नका, कागद सगळे वाचून होतील, पण आता शिवा."

मागून मामंजी म्हणाले, "मी अजून आहें ग."

शेवटी तो तुकडा खारीनं पळवला. आत्याबाईंनी क्षणभर विचार केला, खार रामाची म्हणून चालते असं ठरवलं आणि पानं घेतली.

* * *

मग आलं जवळच्या पापनाशम गावचं लग्न, ह्यांच्या आतेबहिणीच्या मुलीचं. पंगतीत मामंजींच्या पानावर भात पडला तर ते नको म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी बारा तुकडे केळीच्या पानात बांधून नेले आणि त्यांच्या शेजारी ठाण मांडून बसले.

वाढपी आला, भाताचं भांडं घेऊन थांबला. मी पानावर हात आडवा धरला आणि दोन तुकडे ठेवले. वधूपित्याचा चेहरा पडला. त्यांच्या घरी जेवायला येताना शिदोरी आणली, हा अपमान! मी समजावून सांगणार तेवढ्यात पलीकडच्या पानावरच्या वराच्या काकांनी मान वाकडी करून विचारलं की हा पदार्थ आमच्या पानावर का नाही? वधूपिता हुशार माणूस. त्यांनी सांगून टाकलं की मद्रासहून खास मागवलेला नवा आयटम आहे, येतोय.

झालं! माझं पुडकं वाढप्याच्या ताटात गेलं. उरलेल्या दहा तुकड्यांचे त्यानं चाळीस केले आणि वराकडच्या पंगतीत लिंबाच्या लोणच्याशेजारी वाढले. ज्यांना मिळाले नाहीत ते रुसले. पुडक्याबरोबर मी एका डब्यात सुकं मिश्रण आणि इसबगोलचं एक पाकीटही नेलं होतं, लागलंच तर म्हणून. आचाऱ्यानं त्यात दही घालून रात्रीसाठी परातभर नवे केले. पाकीट त्याला दिसलं, ते त्यानं चव यावी म्हणून अख्खं ओतलं.

वऱ्हाडाची बस सकाळी सहाला निघायची होती. साडेनऊला निघाली.

* * *

इतकं होऊनही पाव दर आठवड्याला सुधारत गेला. मऊ झाला, कापताना चुरा होईना, मामंजी दोनाऐवजी तीन मागायला लागले. मी सगळ्यांना सांगत सुटले की माझा हात बसला. वत्सलाला पत्र लिहिलं की तुझ्या अमेरिकेपेक्षा माझा बरा.

आणि शुगर वाढायला लागली.

तेव्हा घरी तपासायची रीत म्हणजे लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून काचनळी दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर छान, हिरवं झालं तर बरं, विटेसारखं झालं तर वाईट. मामंजींना रंग दिसायचे नाहीत, म्हणून आत्याबाई लुगड्यांवरून सांगायच्या. महिनाभरापूर्वी "मोरपंखी" होतं. मग "पोपटी" झालं. मग एका सकाळी त्या नळी खिडकीशी नेऊन म्हणाल्या, "माझा लग्नातला शालू."

मामंजींनी नळी खाली ठेवायला सांगितलं. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही तारीख गेली तर डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू फार पिकेल, मग मी भरवसा देणार नाही. मामंजींनी आम्हाला तिघींना समोर बसवलं, आत्याबाई, राधाक्का आणि मी. शाळेत चोरी झाली की बसवत असतील तसंच.

आधी राधाक्का रडल्या. दाणे त्यांच्या मिक्सरमध्ये दळले जात. दाण्यांना तेल सुटून पात्याला चिकटतात, म्हणून त्या दर वेळी मूठभर तांदूळ टाकून दळत होत्या. सगळेच तसे दळतात, त्यात काय सांगायचं?

मग आत्याबाई. ज्याला तांदळाचा कण लागला नाही ते अन्न कसं म्हणायचं, आणि घरच्या कर्त्या पुरुषाच्या पानावर अन्न नाही असं कसं वाढायचं, म्हणून त्या माझी पाठ वळली की पिठात एक मूठ टाकत होत्या. "एकच मूठ," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकेकदा दोन."

माझा संताप संताप झाला. पाच महिने मी उन्हात चोथे वाळवतेय, आणि घरच्याच बायका असं करतात? मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मामंजींनी विचारलं, "पाव डब्याला चिकटत नाही, तो कसा?"

डब्याला आतून तांदळाचं पीठ मीच लावत होते. हात सढळ माझा.

मामंजी म्हणाले, "म्हणजे तिघी मिळून मजला भाकर घालतां. मग भातच वाढा, तो निदान मऊ असतो."

कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी उठून तांदळाचा डबा राधाक्कांच्या घरी नेऊन ठेवला. तीन आठवडे आमच्या घरात कुणीही भात खाल्ला नाही. हे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खात होते हे मला नंतर कळलं, त्यांचं सोडा. पाव पुन्हा पहिल्यासारखा झाला, करडा आणि ठिसूळ. मामंजी दोन्ही वेळा मुकाट्यानं खायचे. एकदाच "पोदुम" म्हणाले, म्हणजे पुरे, तेही तिसऱ्या तुकड्याला. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आत्याबाईंनी नळी उजेडाला धरली आणि "मोरपंखी" एवढं म्हणून पदर डोळ्याला लावला.

* * *

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, काळा चष्मा आला, मग काही दिवसांनी तोही जेवताना काढायची परवानगी मिळाली. त्या सकाळी मामंजी टेबलाशी बसले. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचली, खालचं बारीक अक्षरातलं राहुकालम वाचलं. आत्याबाईंकडे बघून म्हणाले, केस फार पांढरे जाहले. आत्याबाई लाजल्या, ह्या वयात.

मी नेहमीसारखे दोन तुकडे ताटलीत ठेवले.

मामंजींनी ते बघितले. ताटली उजेडाकडे वळवून बघितले. एक उचलून पालथा केला, त्याची ती करडी, भेगाळलेली बाजू बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"सहा महिने मी हें खात होतों?"

मी मान डोलावली.

त्यांनी अजून एकदा तुकड्याकडे बघितलं. मग दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले आणि तो खायला सुरुवात केली.