मोहाडीतला शार्क

केवळरामभाऊंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते समुद्र विकत घेत होते.

बँकेत बदली होऊन मी मोहाडीत नवाच आलो होतो. आठवडी बाजारात किलोभर मीठ घ्यायला गेलो, तर दुकानात मीठ नाही. शेजारच्या दुकानात नाही. तिसऱ्यात नाही. अख्खा तालुका आज आळणी जेवणार, हे मला स्पष्ट दिसू लागलं. शेवटी बाजाराच्या टोकाला पत्ता लागला. एक बारीक, चष्मेवाला इसम खड्या मिठाच्या गोण्यांवर राजासारखा बसून टेम्पोची वाट पाहत होता. इतकं मीठ होतं की आसपासच्या कुत्र्यांनाही तहान लागली असावी.

"भाऊ, एवढ्या मिठात कोनाले पुरून राहिले?" मी विचारलं.

"पुरून नाही, समुद्र करून राहिलो," ते म्हणाले आणि जरा सरकून त्यांनी मला गोणीवर जागा दिली.

केवळरामभाऊ निवृत्त कृषी सहायक. तेहतीस वर्षं त्यांनी गावोगाव एकच गोष्ट शिकवली: धानाचं बी पेरण्याआधी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाका, पोचट बी वर तरंगेल, ते फेका. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. समुद्राचं पाणीही जवळपास तेवढंच खारट असतं हे कुठेतरी वाचल्यावर त्यांना वाटलं, म्हणजे आपण जन्मभर समुद्रच तर कालवत होतो.

समुद्र हवा होता नातीसाठी. पत्नी कौशल्याबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. शेती बटईने दुसऱ्याला कसायला दिली. मुलगी तृप्ती पुण्याला. तिची गुड्डी मोहाडीला एकदाच आली होती, आजीच्या तेरवीला. आता ती सात वर्षांची होती आणि तिला शार्कचं वेड होतं. एका रविवारी तिने फोनवर विचारलं, "आबाजी, तुमच्याकडे शार्क आहे?"

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या पाण्यात अमुक एक मासा नाही, हे कबूल करणं जमत नाही. "हाय ना," ते म्हणाले.

"मग मी बघायला येणार!"

'येणार' हा शब्द चार वर्षांत पहिल्यांदा आला होता. आता शार्क आणणं भाग होतं.

पुढच्या खोलीतली धान साठवायची ढोली काढून तिथे दहा फुटांचा सिमेंटचा हौद बांधला. त्यात मीठ पडलं. वर अंडं सोडलं. अंडं तरंगलं, समुद्र झाला! मग नागपूरहून मासेवाला मनिष आला आणि त्याने पाणी चाखून कपाळाला हात लावला. "काकाजी, मासा ठेवायचा हाय की धान पेरायचं हाय?" बाजारच्या मिठाने समुद्र होत नाही हे ऐकून तेहतीस वर्षांच्या नोकरीला जबर धक्का बसला. सगळा समुद्र मागच्या अंगणात उपसला. तिथलं लिंबाचं झाड आठवड्यात गेलं.

मग खास मिठाचं पाणी आलं, पंप आला, आणि हातभर लांबीचा, तपकिरी पट्ट्यांचा बांबू शार्क आला. तो सरळ तळाशी जाऊन पडला. गावच्या तलावात मासेमारी करणारा कवडू त्याच्या खाण्यासाठी झिंगे घेऊन आला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"साहेब, हे शार्क? हे तं पाल हाय. रस्सा कितीक जनाइले पुरन?"

"कवडू, तो पाव्हना हाय."

पाहुण्याने अकरा दिवस तोंड उघडलं नाही. केवळरामभाऊ काडीला झिंगा टोचून हौदाच्या काठावर बसून असत. बाराव्या दिवशी त्यांचा मला बँकेत फोन आला, "खाल्लं!" मी अभिनंदन केलं, जसं मुलगा बोर्डात आल्यावर करतात.

उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर हौदाकडे तोंड करून लागला. भाऊ स्वतः ओला टॉवेल पांघरून पडत. मी गेलो की ते माशाला पेपर वाचून दाखवताना सापडत, बहुतेक पीकसल्ला. पंप अखंड बुडबुडत असे. मी आवाजाची तक्रार केली, तर म्हणाले, "असू द्या. बाई गेल्यापासून घरात आवाजच नव्हता."

"पण हा दिवसभर झोपतोच की."

त्यांनी आवाज खाली आणला, जणू माशाने ऐकायला नको. "मनिषनं दुसरेबी दाखवले होते. दिवसा फिरनारे. पन मी हाच घेतला. हा फक्त रातीच फिरते."

"मग?"

"मग काय! ज्याले पाहाचा हाय, त्याले मुक्काम करा लागन ना."

त्यांनी नवी गादी भरून घेतली. मच्छरदाणी आणली. एक छोटा गुलाबी टूथब्रशही आणला.

मे महिन्यात तृप्तीला भंडाऱ्याचं ऊन आडवं आलं. डिसेंबरात गोंदियाला लग्न होतं, तिथून परतताना दुपारी दोन वाजता तृप्ती, जावई भूपेंद्र आणि गुड्डी मोहाडीत उतरले. भाऊंनी मलाही बोलावलं होतं. गुड्डी बूट न काढताच हौदावर ओणवी झाली.

"हा मेलाय का?"

"झोपला हाय बाई. राती उठते. सारा हौद फिरते, भिंतीले तोंड लावते, पान्याबाहेर नाक काढते."

"आई, आपण रात्री थांबू!"

केवळरामभाऊंनी कुणाकडेही पाहिलं नाही. जाळी घेऊन ते स्वच्छ पाणी आणखी स्वच्छ करू लागले. तृप्तीने भूपेंद्रकडे पाहिलं. भूपेंद्रने घड्याळाकडे.

"नागपूरहून साडेनऊचं विमान आहे, बाबा," तृप्ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने प्रेमाने तोड काढली. "असं करा ना, तुम्ही रात्री व्हिडिओ काढून पाठवा. गुड्डी उद्या शाळेतून आली की बघेल."

"हो, हो. पाठवतो ना," भाऊ म्हणाले. "ते तं सोपं हाय."

साडेचारला गाडी निघाली. व्हिडिओ त्याच रात्री गेला, एक मिनिट बारा सेकंदांचा.

त्यानंतर फोनवर 'येणार' हा शब्द पुन्हा आला नाही. मार्चमध्ये केवळरामभाऊंनी मासा मनिषला परत नेऊन दिला.