निळ्या कडेचा कप

अगं पोरी, जरा दम धर. फोनवर कसली घाई असते तुला! "आजी, तुमच्या वेळी शहरात खायला-प्यायला कुठं जायचे लोक?" एवढं विचारलंस, आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवलास. असं विचारतात व्हय? म्हणून लिहितेय. आता तरी बूड टेकून वाच.

निजामाच्या राज्यात आमच्या औरंगाबादेत खाणं आधी नाकाला कळायचं. सकाळी भट्टीतल्या नानचा वास, दुपारी इमरतीच्या कढईचा. त्याच्यासोबतचा खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, आमच्या घरात चालत नसे, पण नान वडील गुपचूप आणायचे. आई तो ताटात न वाढता आमच्या हातावरच ठेवायची. जमिनीखालून येणाऱ्या नहरीचं पाणी मात्र सगळ्यांचं, लई गोड.

चहाला वडील जायचे ते शहराच्या दरवाजाजवळ एका मुसलमान चाचांच्या हॉटेलात. तिथं रोजच्या हिंदू गिऱ्हाइकांचे कप वेगळे, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले. ज्याचा कप त्यानंच धुवायचा. आणि माणूस वारला की घरच्यांनी येऊन तो हॉटेलाच्या उंबऱ्यावर फोडायचा, म्हणजे त्याचा जीव चहात अडकत नाही म्हणे. वडिलांच्या कपाला निळी कड होती.

रझाकारांच्या धामधुमीत वडील बिडकीनला शेत बघायला निघाले. जाताना चाचांना म्हणाले, "कप धुऊन ठेवलाय. सांजच्याला येतो." आले नाहीत. पुढं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, तरी आले नाहीत.

भावकी आईच्या मागं लागली, "कप फोड बाई, किती दिवस कुंकू लावणार?" शेवटी एका संध्याकाळी आई माझा हात धरून हॉटेलात गेली.

चाचा गल्ल्यावरून उठले. "भाभी, फोडने को आए क्या? मैं नै देता."

"द्या हो चाचा. माझाच जीव टांगलाय त्या खुंटीला."

"उनो बोलके गए, शाम को आता. मैं रोज दुकान बंद करते वखत भरके रखता. सुबू खाली मिलता."

"मांजर पीत असंल."

"बिल्ली पी के, कप धो के, वापस टांगती क्या भाभी?"

आईनं तरी हात पुढं केला. चाचांनी कप काढून दिला. आईनं हातात घेतला आणि चटकन माझ्या हातात दिला. गरम होता गं! चाचांनी त्या दिवसाचा चहा अजून त्यात ओतलाही नव्हता. तळाशी पाण्याचा थेंब, आत्ताच कुणी विसळावा तसा.

उंबऱ्याशी आईनं तो परत घेतला, हात उचलला, अन् वरच राहिला.

"ह्यांनी येऊन विचारलं, माझा कप कुठंय, तर काय सांगू?"

पदरात गुंडाळून घरी आणला. कुंकू शेवटपर्यंत पुसलं नाही. रोज दिवेलागणीला तो कप भरायची. तिच्यामागं मी भरते. बहुतेक सकाळी चहा गार होऊन तसाच असतो, वर साय धरलेली. एखाद्या सकाळी नसतो, आणि कप धुतलेला असतो. मी धुतलेला नसतो.

आता हात थरथरतो माझा. परवा कडेचा टवका उडाला, तर दिवसभर घास गेला नाय. माझ्यामागं कोण भरणार? फोडणं माझ्यानं होत नाही, आणि तुला 'घे' म्हणायलाही जीभ रेटत नाही. एकदा हातात धरून बघ, मग तूच सांग काय करायचं ते. नान-खलिया खायचाय ना तुला? तोही मागवू. पण दिवेलागणीच्या आत पोच. लवकर ये गं बाई.