आप्पांचे तीन डबे

आप्पांना ‘ओरिजिनल’ या शब्दाचा वीट आला होता. भवानी पेठेतल्या त्यांच्या स्फटिकाच्या दुकानात गिऱ्हाईक पायरी चढता चढताच विचारायचं, “ओरिजिनल हाय का?” आप्पा चष्मा काढून डोळे चोळायचे आणि तीन डबे पुढे सरकवायचे. एकावर लिहिलेलं ‘खाणीतला’, दुसऱ्यावर ‘वाढवलेला’, तिसऱ्यावर ‘काच’. अकरा वर्षं मी तिथे माळा गाठवायचं काम केलं. मालाला चौथा शब्द त्यांनी कधी लावला नाही.

खाण आणि काच लोकांना कळायची, घोडं अडायचं ते मधल्या डब्याशी. आप्पा दिवसातून दहादा तेच सांगत, “पोलादी भांडं. त्यात गरम पानी आन लई दाब. खाली गारगोटीचा चुरा टाकायचा, वर स्फटिकाचीच पातळ पट्टी टांगायची, बियाणासारकी. चुरा इरघळतो आन पट्टीवर चढत जातो. महिना-दोन महिन्यांत तयार. पदार्थ तोच, कडकपना तोच, हाताला गार तसाच.” सगळं ऐकून गिऱ्हाईक म्हणायचं, “म्हंजे नकलीच की.” आणि शेजारच्या दुकानात जायचं. तिथे काचसुद्धा ओरिजिनल होती.

एकदा मी वैतागून म्हटलं, “आप्पा, नुसतं व्हय म्हना की. कोन बगायला येतंय?”

“सांगून तोंड दुकलं तर च्या पिता येतो, सुमन,” एवढंच म्हणाले, आणि च्या मलाच करायला लावला.

त्यांच्याकडे एक पांढरा कागद होता, त्यावर एक केस चिकटवलेला. मोठी गोटी त्यावर ठेवून हळूहळू फिरवली की स्फटिकातून त्या एका केसाचे दोन दिसत. काचेतून एकच. पण खाणीतला आणि वाढवलेला इथे सारखेच पास होत. त्यांच्यातला फरक भिंगाखाली, आणि तोही नशीब असेल तर. खाणीतल्यात धुरकट पदर, बारीक भेगा. वाढवलेल्यात क्वचित पांढरे कण, भाकरीचा चुरा सांडावा तसे. “चुरा दिसला की संपलं,” आप्पा म्हणत.

तो चुरा एकदा त्यांच्याच मालात दिसला. होटगीहून एक म्हातारी आली होती. “बर्री आक्का, कूडरी,” असं कानडीत या-बसा म्हणत आप्पांनी तिला स्टुलावर बसवलं. वीस वर्षांपूर्वी याच दुकानातून ‘खाणीतली’ म्हणून नेलेली एकशे आठ मण्यांची माळ तिने पुढ्यात ठेवली. सुनेला द्यायची होती, म्हणून धागा बदलायला आणली होती. आप्पांनी सवयीनं भिंग लावलं. मग दुसऱ्या मण्याला लावलं, तिसऱ्याला लावलं. मी समोरच बसले होते. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

बोलले नसते तर कुणालाही कळलं नसतं. ते म्हणाले, “आक्का, माजी चूक झाली. ही वाढवलेली हाय. तवा मी भिंग लावत नव्हतो, व्यापाऱ्याच्या शब्दावर माल घ्यायचो.”

म्हातारीने माळ उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, “मी सुनंला खानीतली सांगून बसलीय की, आप्पा.”

त्या आकाराच्या मण्यांची खाणीतली माळ दुकानात नव्हती. आप्पांनी गळ्यातली काढली. ती त्यांच्या वडिलांची, इकडे वाढवलेला स्फटिक यायच्या आधीची. म्हातारीने ती कपाळाला लावली, पिशवीत ठेवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

मागे राहिलेली तिची माळ मी नव्या धाग्यात गाठवली. आप्पांनी ती गळ्यात घातली आणि म्हणाले, “घरात बोलू नगं. बापाची माळ दिली म्हनून पोरगं चिडंल.”

गेल्या वर्षी आप्पा गेले. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात; त्या रीतीप्रमाणे त्यांना बसवलं होतं. अंगावरचं काय काढायचं, काय राहू द्यायचं, असं नातेवाईक बोलत होते. त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. “सुमनताई, आजोबांची माळ काढून घेऊ ना? खाणीतली आहे, घरात राहील.”

बोलू नकोस, असं आप्पांनी बजावलं होतं. पण ‘खाणीतली’ म्हणायला माझी जीभ वळेना.

“ती न्हाय ही,” मी म्हटलं. “ती एका बाईला दिली आप्पांनी. ही वाढवलेली हाय.”

त्याने विचारलं, “म्हणजे नकली?”

दुकानातच लहानाचा मोठा झालेला मुलगा. मला एकदम फार थकल्यासारखं झालं. रोज दहादा हे ऐकून आप्पांना काय होत असेल, ते त्या दिवशी कळलं.

“नकली न्हाय,” मी म्हटलं. “पोलादी भांडं असतंय. त्यात गरम पानी आन लई दाब...”

“बरं, मग राहू दे गळ्यातच,” म्हणत तो वळला. बाहेर माणसं खोळंबली होती. मी वाकून माळ नीट केली, गाठ मानेमागे सरकवली. पदार्थ तोच, कडकपणा तोच, हे उरलेलं मी आप्पांनाच सांगितलं.