पूजा झालेला लॅपटॉप

आमच्या घराण्यात कंप्युटरमधलं शेवटचं मत माझं असायचं. ऑफिसात मी नुसते लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचो, पण हे आमच्या घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. त्यामुळे कोपरला राहणाऱ्या मावशीच्या मुलीने लॅपटॉप घ्यायचं ठरवल्यावर फोन मलाच आला.

ती नेटवर्किंगचा कोर्स करत होती. ठाण्यातल्या एका कंपनीत शेवटची परीक्षा बाकी होती. आपला लॅपटॉप न्यायचा, त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तीन खोटे कंप्युटर, एकदम चालवायचे आणि एका तासात काम करून दाखवायचं. पास झाली की नोकरी. तिचा प्रश्न साधा होता. रॅम आठ जीबी घेऊ की सोळा?

सोळा म्हणायला माझं काय जात होतं? पण तिच्या आवाजातली ती खात्री मला खुपली. कालची पोर, मला सांगतेय की प्रत्येक मशीनला आपापली मेमरी तोडून द्यावी लागते. मी म्हटलं, आठ पुरे. एकेक चालव, आपण काय एकदम तीन ताटांत जेवतो का? स्पीकरवर मावशी खळखळून हसली. मग मी वर ठोकून दिलं की कमी पडलीच तर नंतर वाढवता येते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कल्याणच्या दुकानातून लॅपटॉप आला. दसऱ्याला मी मावशीकडे जेवायला गेलेलो. पाटावर लॅपटॉप, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचं फूल. तिने मला बाजूला घेतलं. दोनच मशीनवर अडकतोय म्हणाली, रॅम वाढवून दे ना. मी ऐटीत मोबाइलवर ते मॉडेल शोधलं आणि गार पडलो. मेमरी बोर्डावरच डकवलेली होती. वाढवायची सोयच नव्हती.

दुकान आठवड्याभरात बदलून देणार होतं. तीच म्हणाली, नसेल वाढत तर आपण सोळावाला आणू. एवढंच बोलायचं होतं मला, की हो, माझं चुकलं, चल. जीभ झडली असती का माझी? पण समोर सगळं घर बसलेलं, आणि मी शहाणा. मी मोबाइल तसाच उघडा ताटाशेजारी ठेवला आणि मावशीला हाक मारली.

"मावशी, पूजा झालेली वस्तू परत नेतात का गं?"

उत्तर मला पाठ होतं. मावशी म्हणाली, छे, सरस्वती आहे ती, पुजलेली सरस्वती कोणी दुकानात टाकून येतं का? विषय संपला. मी श्रीखंड पुन्हा मागून घेतलं. ती माझ्या ताटाकडे बघत बसलेली. मला वाटलं, जिरली.

परीक्षेत दोन मशीन चालू झाली. तिसरं सुरू करताच पडदा गोठला. बंद करून पुन्हा लावेपर्यंत तास संपला. त्यांनी तिला दुसरी संधी दिली नाही. मी फोनवर म्हटलं, प्रॅक्टिस कमी पडली तुझी. हेही मीच म्हटलं.

आता ती शहाडला एका डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावते. मावशी दर दसऱ्याला तो लॅपटॉप पुसून पाटावर मांडते आणि आल्यागेल्याला सांगते, दादाने निवडून दिलाय हो. गेल्या दसऱ्याला मला ते सहन होईना. ती चहा घेऊन गॅलरीत आली तेव्हा मी पुटपुटलो, तेव्हा रॅम वाढत नाही हे मला माहीत असतं तर परत करायला मीच आलो असतो.

तिने कप माझ्या हातात दिला.

"दादा, तुझा मोबाइल त्या दिवशी माझ्यासमोरच पडलेला. मी वाचलेलं."

मी कप कठड्यावर ठेवला. विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस?

"वाटलं, तू सांगशील."