आबांचे दोन फुलके

आयसीयूच्या बाहेर बसून लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आबा, वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, पाठीवरून पोती वाहतात. महिन्यापूर्वी त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि डाएटचा छापील कागद दिला: दोन फुलके, वाटीभर भाजी, भात बंद, रोज पाऊण तास चालणं. काम काय करता, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आबा म्हणाले होते, "पोरी, एवढ्यावर पोतं उचलत न्हाय गं." मी त्यांनाच ओरडले. आज सकाळीही डब्यात मोजून दोनच फुलके दिले.

अकराच्या सुमाराला साखरेचं पोतं पाठीवर असताना ते खाली बसले. घामानं निथळत होते, काहीतरी असंबद्ध बोलत होते. मग शुद्धच गेली.

त्यांच्या टोळीतले बाजीकाका इथं शेजारी बसून रडतायत. "चहावाल्यानं साखरेचं पानी आणलं हुतं. म्याच त्याचा हात धरला. म्हनलं, ह्याला शुगर हाय, दिऊ नगंस."

इथले डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू, खाणं कमी आणि ओझ्याचं काम, त्यामुळे साखर फार खाली गेली होती. शुद्धीत होते तेव्हाच ते पाणी द्यायला हवं होतं.

तुमच्या घरात कुणाला शुगर असेल तर डॉक्टरांना त्यांचं काम सांगितलंय का? साखर खाली गेली तर काय करायचं, हे विचारलंय?

काका सारखी माझी माफी मागतायत. आबांना गोड काही देऊ नका, असं फोन करून त्यांना मीच बजावलं होतं. ते त्यांनी अजून एकदाही बोलून दाखवलेलं नाही.